दादांनी घेऊन दिलेली लुना

सांगलीत आमच्या घराच्या जिन्याखाली एक लुना उभी आहे. भंगारवाला दोन-तीन महिन्यांनी गल्लीत येतो आणि तिच्याकडे बोट दाखवून विचारतो, "ताई, देताय का?" मी नाही म्हणते. तो हसून पुढे जातो. माझे उत्तर त्याला पाठ झाले आहे, तरी विचारतो. आमच्या मिस्टरांचे म्हणणे असे की, त्या जागेत दोन सायकली बसतील. खरे आहे. पण त्या सायकली चालवणार कोण, हे काही ते सांगत नाहीत.

ही लुना आमच्या घरात १९९० सालापासून आहे. मधली आठ वर्षे मात्र ती माझ्याकडे नव्हती. त्या आठ वर्षांबद्दल मी आजवर कोणाला फारसे सांगितलेले नाही, म्हणून आज लिहायला बसले.

माझे माहेर साताऱ्याजवळचे, माहुलीच्या पुलापलीकडचे. माहुलीला कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना मिळतात. आमच्या वस्तीतून कॉलेजला जायचे म्हणजे पूल ओलांडून साताऱ्याचा चढ चढायचा. एस.टी. वेळेवर आली तर आली, नाही तर पायी. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि स्वतः मात्र सायकलवरून कामाला गेले. मी दहावी पास झाले आणि त्यांनी घरात जाहीर केले, "पोरीला गाडी घ्यायची."

आई म्हणाली, "येडं लागलंय का? घरावर पत्रा घालायचा ऱ्हायलाय."

"पत्रा पुढच्या वर्साला घालू," दादा म्हणाले.

त्या काळी गाडी म्हटले की लुनाच डोळ्यांपुढे येई. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती १९७२ साली बाजारात आणली होती. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडवरून ती बेतलेली, आणि कारखाना अहमदनगरला, ज्याला आज अहिल्यानगर म्हणतात. ५० सी.सी.चे इंजिन, गिअर नाही, आणि सायकलसारखी पायडले. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी यायचे. त्याला दम फार लागतो, ते वेगळे. दूधवाले, पोस्टमन, विमा एजंट, शाळेच्या बाई, नर्सबाई, अशा कोणालाही परवडावी अशी ती गाडी होती. मोठ्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारी माणसे आमच्या पिढीने पाहिली आहेत. लुनाने ती वाट पाहणे कमी केले. दूरदर्शनवर तिची जाहिरात लागली की वस्तीतली पोरे ती ओळ ओरडत मागे पळत. ती जाहिरात करणारे पीयूष पांडे २०२५ च्या ऑक्टोबरात वारले, तेव्हा माझ्या मुलाने बातमी मला वाचून दाखवली होती.

आणखी एक गोष्ट दादांनी हेरून ठेवली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १६ वर्षे पूर्ण झालेल्याला ५० सी.सी.पर्यंतची बिनगिअरची गाडी चालवण्याचा परवाना मिळतो. "कायद्यानं दिलंय ते घ्यायचं, मागं ऱ्हायचं न्हाई," असे ते म्हणाले. सोसायटीचे कर्ज काढले आणि वैशाख पौर्णिमेच्या दिवशी गाडी वस्तीत आणली. लुना म्हणजे चंद्र, हे त्यांना दुकानदाराने सांगितले होते. ते त्यांना इतके आवडले की पुढचा महिनाभर येईल-जाईल त्याला ते सांगत होते.

पण दादांच्या मनात गाडीचे जे होते ते फक्त माझ्या कॉलेजपुरते नव्हते. चौदा एप्रिलच्या भाषणांतून त्यांनी मसूरची हकिगत अनेकदा ऐकली होती. आपल्या वाचकांनाही ती माहीत असेलच. १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ-भाचरांसह साताऱ्याहून आगगाडीने वडिलांकडे गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर न्यायला कोणी आलेले नव्हते, आणि मुले कोणत्या जातीची हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन असे ठरले की गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. बाबासाहेबांनी ही हकिगत पुढे स्वतः लिहून ठेवली. दादांना तिच्यातले एकच बोचत असे. ते म्हणत, "दुप्पट भाडं दिलं, गाडी बी पोरांनीच हाकली. मग गाडी आपलीच का नको?"

गाडी घरी आल्यावर पहिल्या दिवशी मला वाटले, आता बसून जायचे. दादांनी अंगणात पोते अंथरले, पाने-पकड ठेवली आणि म्हणाले, "चालवायची आसंल तर आदी उघडाय शीक." मी रडकुंडीला आले. पण त्या मे महिन्यात मला त्यांनी प्लग काढून काजळी घासायला शिकवले, पॉइंटमध्ये कोरा कागद घालून ओढून पुसायला शिकवले, कार्ब्युरेटरचा जेट तोंडाने फुंकायला शिकवले. लुनाच्या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, ते इंजिनाला वंगण देते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. म्हणून निळा धूर, आणि म्हणूनच सायलेन्सरमध्ये काजळी. ऑइल कमी पडले तर पिस्टन धरतो, जास्त झाले तर प्लग मरतो. "मीठ कसं घालती तुजी आय? तसं," ते म्हणायचे. आईच्या कालवणात मीठ कधी कमी-जास्त झाल्याचे मला आठवत नाही, त्यामुळे ते माप पक्के लक्षात राहिले.

पहिली फेरी दादांनी मला मागे बसवून मारली. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाताना चढ लागतो. दोघांच्या ओझ्याने लुना मध्येच कुरकुरायला लागली. दादांनी भर रस्त्यात पायडल मारायला सुरुवात केली, मी लाजेने तोंड ओढणीत घातले. राजवाड्याजवळच्या शाळेपुढे त्यांनी गाडी थांबवली. १९०० सालच्या ७ नोव्हेंबरला भीमरावांचे नाव या शाळेत दाखल झाले होते. दादा उतरून क्षणभर नुसते उभे राहिले आणि मला म्हणाले, "आता तू चालव. उतार हाय, पडत न्हाईस." मी पडले. गुडघ्यावरची खूण अजून आहे.

पुढे ए.एन.एम.चे शिक्षण झाले आणि १९९५ मध्ये मला सांगली जिल्ह्यात आरोग्य सेविकेची नोकरी लागली. लुना एस.टी.च्या टपावर बांधून सांगलीला आली. मिरज तालुक्यातल्या माझ्या उपकेंद्राच्या गावांना जायला तिच्याशिवाय दुसरे साधन नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली, तेव्हा तीन वर्षांच्या आतल्या मुलांना डोस द्यायचे होते. लशीचा निळा डबा बर्फाच्या पाकिटांसह मागच्या कॅरियरवर सायकलच्या ट्यूबने करकचून बांधायचा आणि निघायचे. बर्फ वितळायच्या आत पोहोचायला हवे, आणि लुना काही चाळिशीच्या पुढे पळत नाही. पावसाळ्यात तिथली काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाकच फिरत नाही. काडीने चिखल उकरत मी किती तरी बांधांवर बसले आहे. पोरे लांबूनच आवाज ओळखत. "लुनावाली बाई आली रं," असे ओरडत सुटत, आणि सुईला भिणारी पळून जात. त्यामुळे नंतर नंतर मी गावाबाहेरच इंजिन बंद करून पायडल मारत गावात शिरायला लागले.

लग्नानंतर आम्ही सांगलीत शामरावनगरला राहायला आलो. आता जी गोष्ट सांगायची ती या काळातली.

२००१ साल. माझ्याबरोबरच्या बहुतेक जणींकडे स्कूटी आली होती. बटण दाबले की सुरू. माझी लुना मात्र स्टँडवर घेऊन पायडल मारल्याशिवाय सुरू होत नसे. एका बैठकीला गेले असताना तालुक्याच्या ऑफिसबाहेर मी पायडल मारत होते, आणि मागे दोघी-तिघी हसल्या. काही वाईट बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. मी घरी आले आणि हप्त्यावर स्कूटी घ्यायची ठरवली. दादांना फोन केला. तोपर्यंत ते रिटायर झाले होते. मी म्हटले, "लुना न्या. नाही तर भंगारात घालते."

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "भंगारात कशापायी? मी येतो."

मला वाटले, टेम्पो नाही तर एस.टी. बघतील. ते मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आले. रात्री जेवून झाल्यावर लुना उघडून बसले, प्लग-पॉइंट पाहिले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भाकरी-चटणी फडक्यात बांधून कॅरियरला लावली आणि म्हणाले, "जातो." सांगली ते सातारा अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गाडी ५० सी.सी.ची, माणूस साठीच्या पुढचा, दिवस उन्हाळ्याचे. मी म्हटले, "दादा, असं काय करता?" ते म्हणाले, "मग काय डोक्यावर घिऊन जाऊ?" समोरच्या दारात शेजारीण उभी होती. नव्या स्कूटीची चौकशी आदल्याच दिवशी करून गेली होती. ती बघते आहे म्हणून मी कोपऱ्यापर्यंतही गेले नाही. दारातूनच हात हलवला. त्यांनी मागे वळून पाहिले की नाही ते मला माहीत नाही, कारण मी आत वळले होते.

संध्याकाळी सात वाजता आईचा शेजाऱ्यांच्या घरून फोन आला, पोचले म्हणून. नंतर त्या प्रवासाबद्दल ना त्यांनी काही सांगितले, ना मी विचारले. मी माहेरी गेले की लुना पडवीत कापड घालून उभी असायची. "बरी हाय," इतकेच ते म्हणत.

दादा २००९ मध्ये कालकथित झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि आईने त्यांची पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. त्यात वर्कशॉपमधले पाने, दोन जुने प्लग, आणि एक लहान लांबट वही होती. एस.टी.त प्रत्येक गाडीच्या कामाची नोंद ठेवायची सवय, तशी त्यांनी लुनाचीही ठेवली होती. पहिल्या दिवसापासून. तारीख, पेट्रोल किती, ऑइल किती, काय बदलले. १९९० ते ९५ ची पाने भरलेली. मग माझ्या नोकरीच्या वर्षांत पाने कोरी सोडलेली, जणू मी नंतर भरणार होते. मग २००१.

सांगली–सातारा. ते पान मी तिथेच पडवीत बसून वाचले. आष्टा, चाकात हवा. पेठ नाका, थांबलो. कऱ्हाड, पेट्रोल, ऑइल, भाकरी खाल्ली. आणि पुढची ओळ वाचून मी थांबले. कऱ्हाडहून सातारा सरळ हायवेने आहे. उंब्रज, नागठाणे करत माणूस येतो. दादांनी लिहिले होते, "मसूर स्टेशन. चहा १."

बाकी काही नाही. खाली लगेच "रहिमतपूर, प्लग साफ" आणि "घरी, ६.४०".

मी किती तरी वेळ त्या चार शब्दांकडे बघत होते. हायवेवरच्या ट्रकच्या भीतीने आतला रस्ता धरला असेल, असे आमचे मिस्टर म्हणाले. असेलही. पण आतल्या रस्त्याने जाणाऱ्याला स्टेशनात शिरून चहा प्यायचे कारण नसते. लेकीने भंगार ठरवलेली गाडी घेऊन माझा बाप त्या स्टेशनापुढे उभा राहिला होता. कोणी बघायला नव्हते, कोणाला सांगायचे नव्हते. मी त्यांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. आठ वर्षे मी विचारले नाही.

वहीत पुढेही नोंदी होत्या. २००५ साली गाडीला पंधरा वर्षे झाली तेव्हा, "पासिंग झाले, ५ वर्षे" अशी. म्हणजे या वयात आर.टी.ओ.च्या रांगेत उभे राहून त्यांनी ती कागदावर जिवंत ठेवली होती. लुना तोवर बाजारातून बंदही झाली होती. मी टेम्पो केला आणि तिला परत सांगलीला आणले.

मग २०१९ चा महापूर आला. सांगलीकरांना आयर्विन पुलाजवळची पातळी सांगावी लागत नाही, ती प्रत्येकाच्या तोंडी असते. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. जिथे मी लहानपणी पाय बुडवले तीच कृष्णा, वाटेत कऱ्हाडला कोयना घेऊन आणि इथे हरिपूरला वारणा घेऊन, आमच्या घरात शिरली. बाहेर पडताना पिशवीत सर्टिफिकेटे, पासबुके आणि दादांची वही एवढेच घेतले. मी निवारा छावणीत ड्युटीवर होते, त्यामुळे घराचा विचार करायलाही सवड नव्हती. पाणी ओसरल्यावर आलो तर जिन्याखाली लुना आडवी पडली होती, चिखलाने माखलेली, म्हशीसारखी.

मुलगा पायडल मारायला गेला. मी ओरडले. दादांचे वाक्य होते, पुरातली गाडी आधी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये गाळ असतो, फिरवली की तो बोअरला ओरखडे पाडतो. आधी प्लग काढला, इंजिन उलटे करून पाणी ओतले, रॉकेल मिळेना म्हणून डिझेल घातले, दोन दिवस तसेच ठेवले. मॅग्नेटोची कॉइल गेली होती. ती मिरज रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने कुठल्या तरी मेलेल्या लुनातून काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "बाई असून पॉइंट सेट करताय, मी पैसे घेऊ कसे?" मी त्याला सांगितले, बाई असल्याचा यात काही संबंध नाही. पैसे मात्र त्याने घेतलेच नाहीत. नोव्हेंबरात लुना सुरू झाली. वहीत मी पहिल्यांदा माझ्या हाताने लिहिले, "कॉइल बदलली. प्लग नवा. धूर ठीक."

आता तिच्यापुढे नव्या अडचणी आहेत. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. ते आपल्याच सातारा-सांगलीच्या कारखान्यांतूनही निघते, ऊस उत्पादकाला त्याचा आधार आहे, तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुन्या गाड्यांची रबरे फुगवते. महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटर काढून साफ करावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबरप्लेट सक्तीची झाली, तीही बसवून घेतली. धाकट्याने एकदा विचारले, "आई, ही व्हिंटेज आहे का?" चौकशी केली, तर २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तरच व्हिंटेज. म्हणजे २०४०. तेव्हा मी सहासष्टीची असेन. २०२४ मध्ये विजेवरची लुना आली तेव्हा मिस्टरांनी लगेच तिचा फोटो आणून दाखवला. छान आहे. पण पायडले नाहीत.

गेल्या जानेवारीत कऱ्हाडला नणंदेच्या घरी लग्न होते. सामानाच्या टेम्पोत जागा होती, मी लुना चढवली. सगळे हसले, हसू दिले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याला म्हटले, "चल, बस मागं." तो म्हणाला, "मी चालवतो." मी म्हटले, "आधी उघडायला शीक."

दोघांच्या ओझ्याने ती हळूहळूच चालत होती. एका चढाला मी पायडल मारले, मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला. स्टेशनावर गर्दी नव्हती. आम्ही लुना बाहेर सावलीत लावली. बाकावर बसून मुलाने मला विचारले की, आजोबा नक्की कुठे उभे राहिले असतील. मी म्हटले, कोणास ठाऊक. मग तो चहा घेऊन आला, आणि मी पर्समधून वही काढून तारीख लिहिली.

मसूर स्टेशन. चहा २.